विचारणाऱ्याची जबाबदारी

तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसासाठी आशाताईंकडे एक अर्ज असतो. तंबाखू खाता का, दारू घेता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, खोकला किती दिवसांपासून आहे, असं विचारत विचारत अर्ज शेवटाकडे येतो. तिथे मनाविषयीचे दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? उदास, खचल्यासारखं, आता काही आशा नाही असं वाटतं का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली, तर त्या व्यक्तीला उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे पाठवायचं.

सरकारी यंत्रणेतल्या कुणी दारात येऊन, ओट्यावर बसून, खेड्यातल्या बाईला तिच्या मनाबद्दल विचारावं ही आपल्याकडे नवी गोष्ट आहे आणि मला ती मोलाची वाटते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण जे दिसलं ते आपल्यालाही लागू व्हावं असंच आहे: नैराश्याचा आजार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना कसलेही उपचार मिळत नव्हते. इतके लोक मुकाट सोसत असतील, तर कुणीतरी विचारायलाच हवं. पण विचारलं की उत्तराची जबाबदारी विचारणाऱ्यावर येते. आपली व्यवस्था ती जबाबदारी उचलण्याची तयारी न करताच प्रश्न विचारायला शिकते आहे, याची मला काळजी वाटते.

हे दोन प्रश्न ज्या नऊ प्रश्नांतून उचलले आहेत, त्या प्रश्नावलीचं नाव पीएचक्यू-९. आज दवाखान्याच्या बाकावर, मोबाइलमधल्या अ‍ॅपवर, कंपनीच्या आरोग्य शिबिरात, कॉलेजच्या समुपदेशन कक्षात ती सगळीकडे भेटते. एकूण गुण २७. पाच, दहा, पंधरा आणि वीस या पायऱ्या. दहाच्या पुढे गेलं की 'तपासणी हवी'. चिंतेसाठी तिचीच धाकटी बहीण जीएडी-७ आणि शारीरिक तक्रारींसाठी पीएचक्यू-१५. तिन्ही एकाच घरातल्या आहेत आणि त्या घराचा इतिहास ठाऊक असल्याशिवाय त्यांचं बळ कळत नाही आणि उणीवही कळत नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची निदानपुस्तिका, डीएसएम-३, तयार झाली. त्याआधी एकच रुग्ण दोन डॉक्टरांकडे गेला तर दोन वेगळी निदानं घेऊन बाहेर पडण्याची शक्यता मोठी होती. आजाराचं कारण काय यावर तज्ज्ञांचं एकमत होत नव्हतं. तेव्हा कारण बाजूला ठेवून लक्षणं मोजावीत, असा मार्ग निघाला. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत नैराश्याची नऊ लक्षणं ठरली. त्यांतली पाच, दोन आठवडे, जवळजवळ रोज असतील तर निदान. हा मार्ग प्रामाणिक होता. त्यामुळे डॉक्टर एकमेकांशी एकाच भाषेत बोलू लागले. पीएचक्यू-९ म्हणजे तीच नऊ लक्षणं, रुग्णाला विचारता येतील अशा प्रश्नांच्या रूपात.

पण त्याआधी एक टप्पा होता, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचं मूळ त्या टप्प्यात आहे. स्पिट्झर, जेनेट विल्यम्स, कर्ट क्रोएन्के आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली साध्या, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या डॉक्टरांसाठी 'प्राइम-एमडी' नावाची पद्धत मांडली. तिचे दोन भाग होते. पहिल्या भागात रुग्णानं एका पानावरच्या प्रश्नांना 'हो' किंवा 'नाही' उत्तरं द्यायची. दुसऱ्या भागात डॉक्टरनं त्या 'हो'चा धागा धरून, हातातल्या मार्गदर्शिकेप्रमाणे रुग्णाशी बोलायचं. या बोलण्याला सरासरी आठ-साडेआठ मिनिटं लागत. गर्दीच्या दवाखान्यात तेवढा वेळ कुणाकडे नव्हता. म्हणून १९९९ साली पूर्णपणे रुग्णानंच भरायची पीएचक्यू आली आणि डॉक्टरचं काम बहुतेक वेळा तीन मिनिटांच्या आत आटोपू लागलं. २००१ मध्ये त्यातून पीएचक्यू-९ सुटी झाली, २००२ मध्ये पीएचक्यू-१५, २००६ मध्ये जीएडी-७. प्रत्येक पायरीवर कागद सुटसुटीत होत गेला. कमी झालं ते संभाषण.

या सगळ्या कामाला फायझर या औषध कंपनीचा पैसा होता आणि सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध त्या काळात फायझर विकत होती. एवढ्यावरून प्रश्नावली खोटी ठरत नाही. ती अनेक देशांत, हजारो रुग्णांवर, कंपनीशी संबंध नसलेल्या संशोधकांनीही तपासली आहे, आणि ती वापरायला पैसे किंवा परवानगी लागत नाही. आपल्यासारख्या देशाला याचा फार उपयोग झाला. तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रुग्ण सापडावा यात गोळी विकणाऱ्याचं हित असतं. सापडलेल्याला गोळीशिवाय आणखी काय द्यायचं, हा प्रश्न दुसऱ्या कुणालातरी सोडवावा लागतो.

आता गणित. ते कंटाळवाणं वाटेल, पण वाचकानं दोन मिनिटं थांबून करावं. 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली एक मोठा अभ्यास आला. त्यात अनेक देशांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून पीएचक्यू-९चे निकाल तज्ज्ञांनी घेतलेल्या सविस्तर मुलाखतींशी ताडून पाहिले होते. दहा गुणांची रेघ धरली तर खरोखर नैराश्याचा आजार असलेल्या शंभरांपैकी ८८ जण सापडतात आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी ८५ जण बरोबर सुटतात. कागदाच्या तुकड्यासाठी हे उत्तमच. पण ही प्रश्नावली आता गावातल्या एक हजार प्रौढांना द्या. निम्हान्सच्या सर्वेक्षणानुसार कोणत्याही वेळी नैराश्याचा आजार असणाऱ्यांचं प्रमाण २.७ टक्के, म्हणजे हजारात २७. त्यांतले २४ सापडतील. उरलेल्या ९७३ जणांपैकी १५ टक्के, म्हणजे १४६ जणही दहाच्या वर जातील. एकूण १७० जणांच्या नावापुढे खूण होईल आणि त्यांतल्या साधारण सातांपैकी एकालाच तो आजार असेल.

संशोधकांच्या त्याच गटानं २०२० मध्ये दाखवलं की दहाच्या वरच्या गुणांवरून नैराश्याचं प्रमाण काढलं तर ते २४.६ टक्के येतं आणि त्याच लोकांच्या मुलाखती घेतल्या तर १२.१ टक्के. निम्मं. वर्तमानपत्रांत जेव्हा 'अमुक टक्के विद्यार्थी नैराश्यग्रस्त' असा मथळा येतो, तेव्हा तो आकडा मुलाखतीचा आहे की प्रश्नावलीचा, हे बातमीत शोधावं. बहुतेक वेळा ते लिहिलेलंच नसतं. पत्रकार मित्रांनी एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ घबराट टळेल.

मात्र त्या १४६ जणांना 'चुकून सापडलेले' म्हणून हातावेगळं करणं मला पटत नाही. त्यांनी खोटी उत्तरं दिलेली नसतात. झोप खरोखरच लागत नसते. नवरा जाऊन महिना झालेल्या बाईनं ही प्रश्नावली भरली तर पंधरा गुण सहज होतील. सोयाबीनचा भाव पडलेला, सोसायटीचं कर्ज थकलेलं आणि मुलीचं लग्न ठरलेलं असा शेतकरीही तिथेच पोचेल. डीएसएमनं कारण बाजूला ठेवलं ते डॉक्टरांच्या एकवाक्यतेसाठी. गावात बसून मदत करू पाहणाऱ्याला कारण बाजूला ठेवता येत नाही. कुणाला औषध हवं असतं, कुणाला दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यापासून सुटका, कुणाला फक्त वर्षश्राद्धापर्यंत सोबत करणारं माणूस. कागदावर या तिघांचे गुण सारखे असतात.

पीएचक्यू-९च्या खाली गुणांत न धरलेला एक दहावा प्रश्न असतो. या त्रासामुळे तुमचं काम, घर सांभाळणं, लोकांशी वागणं किती अवघड झालं आहे? माझ्या मते पुढच्या बोलण्याची वाट याच प्रश्नातून निघते. नेमका तोच अनेक ठिकाणी गाळलेला असतो, कारण त्याची बेरीज होत नाही.

आता शरीराकडे येऊ. आपल्याकडे दुःख बहुतेकदा शरीराच्याच वाटेनं दवाखान्यात येतं. छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, डोकं जड राहतं, अंग मोडून येतं, हातापायाला मुंग्या येतात, पोटात गॅस धरतो. बाई या तक्रारी घेऊन येते. ईसीजी निघतो, पित्ताच्या गोळ्या मिळतात, ताकदीचं इंजेक्शन आणि एखादी सलाईनही होते. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगून तिला घरी पाठवलं जातं. तिला तर झालेलं असतं. गोव्यात स्त्रियांच्या आरोग्यावर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाशी जितकी जोडलेली नव्हती, तितकी मानसिक त्रासाशी आणि घरातल्या ताणाशी जोडलेली होती. अशा बाईला वर्षानुवर्षं प्रतिजैविकं दिली जातात. आणि शारीरिक तक्रारींच्या पीएचक्यू-१५मध्ये पोटदुखी, पाठदुखी, सांधेदुखी, पाळीचा त्रास, चक्कर, धडधड, धाप, गॅस असं बरंच काही असलं, तरी अंगावरून पांढरं जाण्याचा प्रश्न नाही. मुंग्यांचा नाही, आगीचा नाही. चिंतेच्या जीएडी-७मध्ये तर धडधडीचाही नाही. तिथे सगळा भर काळजी, अस्वस्थता आणि चिडचिडीवर आहे. आपल्या बाईच्या चिंतेची पहिली खूण त्या कागदाला दिसतच नाही.

याची उलटी बाजूही तितकीच गंभीर आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आहे. रक्त कमी असलेल्या बाईला थकवा रोजच असणार आणि भूकही मंदावणार. तान्हं मूल असेल तर झोप मोडणारच. नऊ प्रश्नांपैकी झोप, थकवा, भूक आणि हालचालींचा मंदपणा हे चार प्रश्न सरळ शरीराचे आहेत आणि त्या चारांचेच बारा गुण होतात. मन ठीक असूनही दहाची रेघ ओलांडता येते. हा धोका जाणकारांना फार पूर्वीपासून माहीत होता. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांसाठी १९८३ साली ब्रिटनमध्ये झालेल्या एचएडीएस या प्रश्नावलीत शारीरिक लक्षणं मुद्दाम टाळली होती. बाळंतिणींसाठी १९८७ साली तयार झालेल्या एडिनबरा प्रश्नावलीतही थकव्याचा आणि भुकेचा प्रश्न नाही, कारण नव्या आईचा थकवा हा काही आजार नव्हे. तेव्हा आपल्याकडे ज्या बाईचे गुण वाढतील तिचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायलाच हवं, आणि रक्त कमी निघालं म्हणून मनाची चौकशी थांबवायलाही नको. दोन्ही त्रास एकाच देहात सुखेनैव राहतात.

मग हे सगळं जमवायचं कसं? याचं उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात, शोधलं गेलं आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभ्या केलेल्या 'संगाथ' संस्थेनं गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये नैराश्यावर उपचाराचे प्रयोग केले. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पीएचक्यू-९वर पंधरा किंवा त्याहून जास्त गुण आलेले ४९५ रुग्ण होते. निम्म्यांना केंद्रातल्या डॉक्टरांचे नेहमीचे उपचार, थोडी भर घालून. उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ भेटी. या भेटी देणारे कुणी मानसशास्त्रज्ञ नव्हते. त्याच परिसरातली, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं होती. ती रुग्णाच्या रोजच्या दिवसाची चौकशी करत, सुटून गेलेली कामं आणि माणसं पुन्हा हळूहळू कशी धरायची ते ठरवत, घरातला एखादा प्रश्न सुटण्यासारखा असेल तर तो सोडवायला मदत करत. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक दहाच्या खाली आले होते. दुसऱ्या गटातले ३९ टक्के.

या प्रयोगात प्रश्नावली तीच होती, अमेरिकेतून आलेली. तिच्यात गोव्याची, कोकणीची किंवा मराठीची अशी कोणतीही खास भर नव्हती. फरक एवढाच की १९९९ मध्ये वेळ वाचवण्यासाठी गाळलेलं संभाषण तिथे परत आलं होतं, आणि ते आठ मिनिटांऐवजी अर्ध्या-पाऊण तासाचं होऊन आलं होतं. तेही डॉक्टरचा वेळ न घेता. भारतात लाखामागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही; हे प्रमाण ०.७५ आहे. तेव्हा आपल्याला परवडणारा मार्ग तरी हाच आहे.

विदर्भातही याचा पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल बोलायचं, त्रास असणाऱ्याला आधार द्यायचा, गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि मग डॉक्टरकडे न्यायचं, अशी त्याची घडण होती. दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे आपल्या गावांत लोक मनाबद्दल बोलत नाहीत, लाजतात, हे कारण अर्धंच खरं आहे. बोलण्याचा काही उपयोग होतो असं दिसलं की लोक बोलतात.

सगळ्यांना सरसकट विचारावं की नाही, यावर देशोदेशीचे तज्ज्ञ अजून भांडत आहेत. अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य कार्यदलानं २००२ साली प्रौढांना विचारावं अशी शिफारस केली, पण एक अट घालून: अचूक निदान, उपचार आणि पाठपुरावा यांची सोय जिथे असेल तिथेच. कॅनडाच्या कार्यदलानं २०१३ मध्ये सरसकट विचारू नये असं सांगितलं. ब्रिटनची चाळणी समितीही त्याच मताची आहे. माझा कौल अमेरिकेच्या त्या जुन्या अटीला आहे. अट पाळता येत असेल तर जरूर विचारा.

नवव्या प्रश्नाच्या बाबतीत तर ही अट कायद्यासारखी पाळली पाहिजे. मरून गेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, असं तो विचारतो. हा प्रश्न विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार घातला जातो, ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. पण तो सासूसमोर विचारायचा नसतो. आरोग्य शिबिराच्या रांगेत, मागचा माणूस खांद्यावरून डोकावत असताना विचारायचा नसतो. आणि 'हो' आलं तर कागद गठ्ठ्यात ठेवून पुढचं नाव पुकारायचं नसतं. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, त्या व्यक्तीपाशी बसणारं माणूस हवं. घरात कीटकनाशकाचा डबा आहे का, तो कुठे ठेवला आहे, रात्री सोबतीला कोण असतं, हे विचारणारं. लोक या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला घाबरतात, कारण पोलीस केस होईल असं अजूनही अनेकांना वाटतं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं आहे आणि तिला शिक्षा होऊ नये अशी तरतूद केली आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुनं ३०९ कलम तसं उरलेलंच नाही. आशाताईंना हे सांगता आलं पाहिजे आणि त्यांनी ते सांगितलं पाहिजे.

कंपन्या आणि कॉलेजं यांच्याबद्दल थोडक्यातच लिहितो. जिथे नोकरी, बढती किंवा प्रवेश ज्याच्या हातात आहे त्याच्याचकडे उत्तरपत्रिका जाते, तिथे ही प्रश्नावली देऊच नये. मानसिक आरोग्याची माहिती गुप्त राखली जाणं हा रुग्णाचा हक्क आहे, असं २०१७च्या कायद्याचं २३वं कलम सांगतं. विद्यार्थ्याचे गुण वर्गशिक्षकाला कळवणं ही मदत नव्हे.

आशाताईंवर मी एका अक्षरानंही दोष ठेवत नाही. लसीकरणापासून कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणापर्यंत सगळं त्यांच्याच डोक्यावर आहे आणि कामाप्रमाणे मिळणारा मोबदला तुटपुंजा आहे. त्यांनी दोन प्रश्न विचारले, बेरीज तीनच्या वर गेली आणि बाई उपकेंद्रावर पोचली, तर पुढे काय, हे सांगण्याची जबाबदारी जिल्ह्याची आणि राज्याची आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला गोव्यातल्यासारखा निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, पगारावर. बोलायला दार लावता येईल अशी एक खोली हवी. गुण वाढले की रक्ताची तपासणी आणि दहावा प्रश्न, दोन्ही सक्तीचे हवेत. आणि किती अर्ज भरले याऐवजी तीन महिन्यांनी किती जणांना पुन्हा भेटलो आणि किती जणांना बरं वाटलं, हा आकडा आढावा बैठकीत विचारला जावा. प्रश्नावलीचा सर्वांत चांगला उपयोग तिथेच आहे: त्याच माणसाला पुन्हा विचारून, तो कुठून कुठे आला हे पाहण्यात.

वाचकांपैकी कुणी मोबाइलवर असा अर्ज भरला असेल आणि गुण दहाच्या वर आले असतील, तर त्याला निदान समजू नका आणि दुर्लक्षही करू नका. तो आकडा घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा, सोबत आपल्या आयुष्यात गेल्या काही महिन्यांत काय घडलं तेही सांगा, आणि त्यांनी ऐकून न घेता चिठ्ठी लिहायला घेतली तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. नवव्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर मात्र उद्याची वाट पाहू नका; जवळच्या एका माणसाला आजच सांगा. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेलिमानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.